जुन्या बंदुकीचा मान

"माणसाची इज्जत या दुनियेत दोनच गोष्टी राखतात. एक इमान आणि दुसरी बंदूक!" खैरुद्दीनने जाहीर केलं.

जाहीर केलं ते सतरंजीवर पालथं पडून. त्याची बायको खतीजा शेजारी बसून शिवणाच्या सुईने त्याच्या अंगातले काटे काढत होती, आणि काटे अशा जागी रुतले होते की तिथून इज्जत फार लांब नसते.

"हलू नका," खतीजा म्हणाली. "इज्जत हलली की सुई आत जाते."

त्रेसष्ट साल होतं. बर दुबईत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात हे बिऱ्हाड होतं. खैरुद्दीन एका शिपिंग एजन्सीत हेडक्लार्क. त्याच्या हाताखाली सात जण, आणि त्या सातांत एक लियाकत खोत. दोघे एकाच गावचे, दाभोळच्या खाडीकाठचे. शनिवार ते गुरुवार लियाकत "येस सर, खैरुद्दीनसाहेब" म्हणून फायली पुढे सरकवायचा. शुक्रवार उजाडला की तोच लियाकत लँडरोव्हरमध्ये पुढच्या सीटवर बसायचा, आणि मागे पेट्रोलच्या कॅनशेजारी मांडी घालून बसलेल्या साहेबाला म्हणायचा, "खैरू, डबा घेतलास ना?"

डबा म्हणजे खतीजाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो बडवत हाकारा घालायचा, हे खैरुद्दीनचं शिकारीतलं काम. त्याच्या बापाचं हेच काम होतं आणि आजाचंही. गावी निदान त्याला अर्थ होता. तिथे झाडी अशी दाट की जनावर शेजारी उभं असलं तरी कळायचं नाही, ते उठवून बंदुकीसमोर आणावं लागे. इथे दुबईपासून ओमानच्या डोंगरापर्यंत, एखाददुसरी घाफच्या झाडांची राई सोडली तर गुडघ्याच्या वर काही उगवत नाही. हरीण दोन मैलांवरून दिसतं, आणि ते तुम्हांला तीन मैलांवरून बघतं. तरीही लियाकतचं म्हणणं, शिकार म्हटली की हाकारा हवा. मग खैरुद्दीनने उघड्या वाळूत लांब चालत जायचं आणि डबा बडवत परत यायचं. हरणं तो आवाज ऐकून, त्याचा योग्य तो अर्थ घेऊन, शांतपणे ओमानला निघून जायची.

हे सगळं नऊ वर्षं चाललं होतं. आज मात्र हद्द झाली.

दुपारी शेकोटीवर चहा उकळत होता. इद्रीस आणि अजीज, दोघे नेहमीचे सोबती, ऐसपैस पसरले होते. लियाकतने मांडीवर थाप मारून किस्सा सुरू केला. "अरे, तुम्हांला माहीत नाही? एका वर्षी आमच्या दादांना हरीणच मिळेना. शेवटी काय केलं? खैरूचा बाप पाडला!"

इद्रीस हसला. अजीज चहा सांडेपर्यंत हसला. खैरुद्दीन संतापून ताडकन उठला, काही तरी जबरदस्त बोलण्यासाठी एक पाऊल मागे सरला आणि काटेरी झुडपावर बसला. त्यामुळे जबरदस्त बोलणं राहून गेलं.

तो किस्सा खैरुद्दीनला लहानपणापासून पाठ होता. फक्त त्याच्या घरात तो हसून सांगत नसत. लियाकतच्या आजोबांचा, त्याच त्या दादांचा, बार सुटला तेव्हा अब्बा समोरून डबा बडवत येत होते. छर्रे उजव्या खांद्यात घुसले ते कायमचे. त्यानंतर नमाजाला उभे राहिले की अब्बांचा डावा हात कानापर्यंत जायचा आणि उजवा छातीपाशीच थांबायचा. मशिदीत पोरं त्यांची नक्कल करायची. खोतांनी भरपाई म्हणून एक कोंबडी पाठवली होती, आणि निरोप, "झाडी दाट, दिसला नाही."

"बंदूक घेणार मी," खैरुद्दीन सतरंजीत तोंड खुपसून म्हणाला. "माझी स्वतःची. बस, खलास."

"घ्या. पण माझ्या डब्याला पोचे पडलेत त्याचं काय? झाकण बसत नाही नीट."

"मी इज्जतीचं बोलतोय आणि तू झाकणाचं!"

"नानखटाया इज्जतीत ठेवता येत नाहीत," खतीजा म्हणाली आणि शेवटचा काटा उपसला.

आता नुसती बंदूक घेऊन भागणार नव्हतं. त्यांच्या गावचा शिकारीचा एक कायदा होता, आणि तो खोतांनीच केलेला होता. शिकारीला जितक्या बंदुका असतील त्यांतली सगळ्यांत जुनी बंदूक मानाची. पहिला बार तिचा. तिचा बार झाल्याशिवाय दुसऱ्या कुणी चापाला बोट लावायचं नाही, मग जनावर समोर नाचत का असेना. आणि मटणात मागची एक अख्खी रान, म्हणजे मांडी, बंदुकीचा वाटा म्हणून वेगळी काढायची. हाकारा घालणाऱ्याला मान आणि आतडी. कायदा अर्थातच अशा हिशेबाने केला होता की पंचक्रोशीत सगळ्यांत जुनी बंदूक खोतांचीच होती. ठासणीची, टोपी लावून उडवायची. खोती सरकारने काढून घेतली, कुळं जमिनीची मालक झाली, पण ती बंदूक तेवढी लियाकतने बोटीतून, गादीत गुंडाळून, दुबईला आणली होती. इद्रीसकडे साधी रायफल होती आणि अजीजकडे दुनळी. दोन्ही कालच्या. त्यामुळे पहिला बार नेहमी लियाकतचा.

खैरुद्दीनच्या डोक्यात संतापाने प्रकाश पडला. लियाकतपेक्षा चांगली बंदूक नकोच होती. हवी होती ती लियाकतपेक्षा जुनी.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो अब्रा, म्हणजे खाडीतली उतारूंची होडी, पकडून खाडीपलीकडे देरा बाजारात गेला. तिथे एका बलुची म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. म्हाताऱ्याने गिऱ्हाईक बघितलं आणि एक सुरेख रायफल पुढे ठेवली.

"पहली बंदूक है? ये लो. हिरन दूर से गिरेगा."

"यापेक्षा जुनी दाखवा."

म्हाताऱ्याने दुसरी काढली.

"आणखी जुनी."

"जुनी क्यों? शिकार करना है के नहीं?"

"शिकार करायचीय म्हणून तर जुनी पायजे!" खैरुद्दीन ओरडला. मग आवाज खाली आणून हिंदीत म्हणाला, "हबीबी, पुराना दिखाओ. एकदम पुराना. टोपीवाली से भी पहले का."

म्हाताऱ्याला वाटलं, या माणसाचं घरी भांडण झालं असावं. त्याने भिंतीवरून, कोळीष्टकं झटकून, एक लांबलचक बंदूक उतरवली. दस्त्यावर चांदीच्या पट्ट्या, नळीच्या आत पीळ पाडलेले, आणि घोड्याच्या जबड्यात चक्क गारगोटी. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर आपटायची, ठिणगी उडायची, ती बाहेरच्या वाटीतल्या बारुदीवर पडायची आणि तिथून भोकावाटे आग नळीत जायची. अर्थात सगळ्यांची मर्जी असेल तर.

"ये दीवार के लिए है," म्हातारा म्हणाला. "मेरे दादा के दादा का जमाना."

दादाच्या दादाचा! लियाकतची तर नुसती दादाची. खैरुद्दीनचे डोळे चमकले.

"टेस्ट करून बघतो," तो म्हणाला. म्हाताऱ्याने बंदूक पुढे केली, पण खैरुद्दीन ती हातात घेईना. "तुम पकडो. ऐसा. मेरे तरफ करो." आणि तो दुकानाबाहेर पडून, गल्लीत लांब जाऊन, बंदुकीकडे तोंड करून उभा राहिला आणि मान तिरकी करून तिच्याकडे निरखून बघू लागला.

गल्लीतली माणसं भराभरा दुकानांत शिरली. एका खजूरवाल्याने फळी ओढून घेतली. म्हाताऱ्याने बंदूक खाली ठेवली आणि कलमा पुटपुटला.

यात खैरुद्दीनचा काही दोष नव्हता. तीन पिढ्या त्याच्या घराण्याने बंदूक बघितली होती ती समोरूनच. बंदुकीला मागची बाजूही असते आणि पारख तिकडून करायची असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. समोरून मात्र ही बंदूक झकास दिसत होती. लियाकतच्या बंदुकीपेक्षा तोंड मोठं होतं.

"यही दे दो," तो परत येऊन म्हणाला.

म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. बारूद दिली, शिशाच्या गोळ्या दिल्या, एक जादा गारगोटी दिली. बारूद कोरडी ठेव, गारगोटी झिजली की बदल, आणि चाप ओढल्यावरही बंदूक हलवू नकोस, आग आत पोचायला वेळ लागतो, असंही बजावलं. खैरुद्दीनच्या कानात फक्त "दादा का दादा" घुमत होतं.

अब्रात ती बंदूक आडवी मावेना. खैरुद्दीन वळला की सगळे उतारू एकदम वाकायचे, जणू नमाजातल्या रुकूत जायचे. घरी आल्यावर मुलगी शहनाझ बंदुकीकडे बघून म्हणाली, "अब्बा, इट इज टॉलर दॅन यू."

"मराठीत बोल."

"आय ॲम ओन्ली सेइंग."

त्याने बंदूक खांद्याला लावून बघितली. काही खास वाटलं नाही. मग खतीजाच्या कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला आणि ती समोरून दिसली, तेव्हा कुठे त्याला आपण बंदूकवाले झालो असं वाटलं.

शुक्रवारी पहाटे लँडरोव्हर दाराशी आली. रात्रीच बारूद-गोळी ठासून चादरीत गुंडाळलेलं लांब काही तरी घेऊन खैरुद्दीन मागे चढला. बापाचा खांदा आठवून आठवून रात्रभर त्याचं डोकं तापलं होतं.

"मच्छरदाणीचे दांडे आणलेस का काय?" लियाकतने विचारलं. "आणि डबा?"

"आणलाय डबा," खैरुद्दीन दात खाऊन म्हणाला.

अवीर गावाच्या पलीकडे, घाफच्या एका राईपाशी गाडी थांबली. लियाकतने नेहमीप्रमाणे हात लांब केला आणि पलीकडची वाट दाखवली. "यल्ला, खैरू. हो पुढे."

खैरुद्दीनने चादर सोडली. चांदीच्या पट्ट्या उन्हात लखलखल्या.

"ये क्या लफडा है?" अजीज म्हणाला.

"मानाची बंदूक आहे. पहिला बार माझा," खैरुद्दीन म्हणाला. "बघून घ्या. गारगोटीची आहे. टोपी यायच्या आधीची."

लियाकतने बंदूक उलटसुलट केली. तिच्यात काही तरी नवं सापडावं म्हणून त्याने घोडा बघितला, चाप बघितला, नळीत डोळा घातला. काही नवं सापडेना. त्याचा चेहरा उतरत गेला.

"ही गावची नाही," तो शेवटी म्हणाला.

"रूलमध्ये गावची लिहिलंय का?"

"बाजारातून आणलीस! खानदानी नाही ती."

"तुमच्या आजाने काय पेरून पिकवली होती? रूल काय आहे ते सांग. जुनी बंदूक, पहिला बार. आहे का नाही, इद्रीसभाई?"

इद्रीस कोर्टकचेऱ्यांत दुभाष्याचं काम करायचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मान हलवायची त्याला सवय होती. "टेक्निकली, लियाकत... रूल इज रूल."

लियाकतचं पित्त खवळलं, पण त्याला नाही म्हणता येईना. जमिनी गेल्या होत्या, कुळं गेली होती, वाटेत सलाम करणारी माणसं गेली होती. साऱ्या खोतीतला उरला होता तो एवढा एक कायदा. तो मोडला तर मग दुबईतला एक टॅली क्लार्क तेवढा शिल्लक राहिला असता.

इतक्यात हरीण आलं. कुणी बोलावलं नव्हतं, डबा वाजला नव्हता, म्हणूनच बहुधा आलं. राईच्या तोंडाशी उभं राहून या चौघांकडे कुतूहलाने बघू लागलं.

खैरुद्दीनने बंदूक खांद्याला लावली. "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर." चाप ओढला.

खट्.

हरणाने कान हलवला.

"बिस्मिल्ला." खट्.

"मी मारू का?" लियाकत कुजबुजला. त्याची बंदूक रोखलेली, बोट चापाशी आलेलं. "अरे, समोर आहे!"

"माझा बार झाल्याशिवाय नाही. बिस्मिल्ला." खट्.

"गाढवा, पळेल ते!"

"पळू दे. कायदा तुमचा आहे. बिस्मिल्ला!" खट्.

अजीज दुनळी पोटाशी धरून अक्षरशः रडकुंडीला आला होता. हरणाने पुरेसं बघितलं, कंटाळलं आणि राईत शिरलं.

मग जी शिवीगाळ झाली ती मराठीत सुरू होऊन हिंदीत वाढली आणि अरबीत संपली. इद्रीसने वाटीतली बारूद बोटाने चाचपली. खाडीच्या हवेने तिचा चिखल झाला होता. त्याने ती पुसून लियाकतच्या पिशवीतली कोरडी घातली आणि गारगोटी बदलून दिली.

"हरीण आतच आहे," अजीज म्हणाला. "कुणी तरी पलीकडून उठवायला पाहिजे."

तिघांनीही सवयीने खैरुद्दीनकडे बघितलं.

"मानाचा बंदूकवाला हाकारा घालत नाही," खैरुद्दीन म्हणाला. "हाही तुमचाच कायदा." त्याने गाडीतून डबा उचलला आणि लियाकतच्या पायाशी टाकला. "घे. नऊ वर्षं मी वाजवला. माझ्या बापाने तर हात जाईपर्यंत वाजवला. आज तू वाजव."

"मी? खोतांचा मी हाकारा घालू?"

"मग कायदा मोड. म्हण, जुन्या बंदुकीला मान नाही. म्हण की एकदा!"

लियाकतचे ओठ हलले. पण म्हणवलं नाही. त्याने डबा उचलला, खैरुद्दीनकडे असं बघितलं की गारगोटी नसती तरी बारूद पेटली असती, आणि राईला वळसा घालून निघून गेला.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला. टण, टण... टणटण. वाजवणाऱ्याला सवय नव्हती, ठेका नव्हता. खैरुद्दीन गुडघा टेकून बसला. नळीच्या टोकावर राईतली मोकळी जागा होती. त्याला वाटलं होतं, या क्षणी छाती फुगेल. फुगली नाही. खांद्याचा तेवढा भाग दुखत होता, अब्बांचा जो दुखायचा तोच.

हरीण सुटलं. सरळ समोर. "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर!" त्याने चाप ओढला. गारगोटी आपटली, ठिणगी पडली, वाटीतली बारूद फुस्स करून पेटली.

आणि आग आत पोचायला जो वेळ लागतो म्हणून म्हाताऱ्याने सांगितलं होतं, तो वेळ सुरू झाला.

त्या वेळात खैरुद्दीनला हरणाच्या मागे लियाकत दिसला. झाडांच्या फटीत, डबा छातीशी धरलेला, तोंड उघडं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तेही दिसलं. कपाळावरचा घाम दिसला. डोळ्यांतली भीती तर इतकी स्वच्छ दिसली की जणू हातभर अंतरावर होती.

म्हणजे दिसतं.

आयुष्यभर त्याने ऐकलं होतं, झाडी दाट, दिसला नाही. बंदुकीच्या मागे तो आजवर कधी बसला नव्हता, म्हणून त्याने ते मानलं होतं. अब्बांनीही मानलं होतं. पण इथून सगळं दिसतं. माणूस दिसतो, त्याचा डबा दिसतो, तो भ्यालाय हे दिसतं.

त्याने नळी झटक्याने वर केली. बंदूक गरजली. दस्त्याने त्याला वाळूत मागे लोटलं आणि घाफच्या शेंड्याची एक फांदी तुटून खाली आली. हरीण ओमानच्या दिशेने ठिपका होत गेलं.

धूर विरला तेव्हा खैरुद्दीनचं तोंड काळं झालं होतं आणि लियाकतचं पांढरं. लियाकत धावत आला. "मला मारत होतास! सगळ्यांसमोर मला मारत होतास तू!"

"नाही मारलं. मला दिसलास तू."

"काय दिसलं? कशाला बहाणे करतोस?"

"दिसलास म्हणतोय ना!" खैरुद्दीन असा ओरडला की अजीज गाडीमागे गेला. "तुझं तुटलेलं बटणसुद्धा दिसलं! तुझ्या आजालाही माझा बाप दिसला होता, लियाकत. झाडी असली तरी माणूस दिसतो. दिसला, आणि त्याला वाटलं, हरीण जाईल त्यापेक्षा हा गेला तरी चालेल. आणि कोंबडी पाठवली. कोंबडी! आणि तू चहावर हसतोस!"

लियाकतने शर्टाच्या तुटलेल्या बटणाला हात लावला. मग तो पुटपुटला, "हरीण मात्र घालवलंस," पण त्याचं त्यालाच ते पुढे रेटता आलं नाही.

परतीच्या वाटेवर लियाकत पुढच्या सीटवर बसला नाही. पुढे इद्रीस बसला, आणि लियाकत मागे, पेट्रोलच्या कॅनशेजारी, डबा दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरून. खैरुद्दीन आपल्या दारात उतरला तेव्हाही लियाकतने मान वर केली नाही.

संध्याकाळची, मगरिबची बांग होत होती. खतीजाने दार उघडलं. खैरुद्दीनने तोंडही न धुता उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हरीण, गारगोटी, बटण, कोंबडी. सांगताना आवाज चढत गेला, शेजारची खिडकी उघडली, शहनाझ अभ्यास टाकून दाराशी आली. "अब्बांच्या खांद्याची कसम," तो म्हणाला, "त्या खोतांशी माझे संबंध संपले. कयामतपर्यंत मी त्याचं तोंड बघणार नाही. ऑफिसात पण नाही. फाइल पाठवायची असेल तर शिपायाबरोबर पाठव म्हणावं! मी त्याच्याकडे कधी काही मागितलं, तर मी माझ्या बापाचा नाही!"

खतीजाने शांतपणे ऐकून घेतलं. पदराने त्याच्या नाकावरची काजळी पुसली. सासऱ्यांचा तो अर्धा उठणारा हात तिनेही बघितला होता. मग तिने त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे बघितलं, हातातल्या चादरीकडे बघितलं आणि पाठीमागे काही लपवलंय का तेही वाकून बघितलं.

"सगळं बरोबर केलंत, शहनाझचे अब्बा," ती म्हणाली. "आता उद्या ऑफिसात त्याच्याकडून माझा तेवढा डबा मागून आणा. नानखटाया नरम पडायला लागल्यात."